यादी चावडीवर वाचली तो दिवस

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा मी पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात ग्रामसेवक होतो. सांगलीला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. त्या साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावात निम्मी घरं 2005 च्या पुराच्या खुणेवर विसंबून होती. "तवा पायरीला लागलं न्हवतं, आता कुठनं येतंय?" म्हणत लोकांनी धान्याची पोती माळ्यावर चढवली. पाणी माळ्याला टेकलं.

पूर ओसरला तेव्हा घराघरात घोटाभर गाळ, भिजलेल्या ज्वारीला सुटलेला आंबूस वास आणि दावणीलाच मेलेली जनावरं. सरपंच ताईंनी पहिल्याच बैठकीत क्रम लावून दिला: आधी पिण्याचं पाणी, मग मेलेली जनावरं, मग गाळ. मदतीचे ट्रक येत होते, कपड्यांचे ढीग पडत होते, तरी त्यांनी तो क्रम हलू दिला नाही. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून झाली की मी नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन क्लोरीन तपासायच्या ओ.टी. द्रावणाचे थेंब सोडायचो; क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. पाणी पिवळं झालेलं स्वतः बघितल्याशिवाय ताई एक घागर भरू द्यायच्या नाहीत. रांगेतल्या बायका चिडायच्या. पण त्या पंधरवड्यात गावात जुलाबाची साथ आली नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

मला सांगायचंय ते मात्र यादीचं. सानुग्रह अनुदान जाहीर झालं होतं, खेड्यात कुटुंबाला 10 हजार, शहरात 15 हजार. त्यातले 5 हजार लगेच रोख. तलाठी भाऊसाहेब आणि मी घरोघर फिरून पंचनामे केले. यादी तयार झाली. एरवी ती फळ्यावर लागते आणि मग अर्जांचा पाऊस पडतो. ताई म्हणाल्या, "सही करायच्या आधी चावडीवर वाचा. गल्लीवार. सगळ्यांदेखत."

वीज नव्हती. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर देवळातला स्पीकर जोडला आणि मी वाचायला सुरुवात केली. पहिल्याच गल्लीत गाडी अडली. दोघं भाऊ, रेशनकार्ड एक, चुली दोन. धाकट्याची चूल खरंच वेगळी आहे का? शेजारणीच पुढं झाल्या, "लगीन झाल्यापास्नं येगळी हाय, आमी बघतोय की." नाव वाढलं. पुढं एका भाड्याच्या खोलीत राहणारं मजुराचं कुटुंब. मूळ कर्नाटकातलं, कार्ड इथलं नाही. कुणीतरी म्हणालं, ते गावचे नव्हेत. तेव्हा एक म्हातारे काठी टेकत उठले. "भांडी ह्यांची व्हावून गेली, आन् गाव इचारतंय कुठलं? लिवा." बंद खोलीत दहा अर्ज करूनही जो निकाल लागला नसता, तो तिथं मिनिटात लागला.

मग ताईंच्या दिरांचं नाव आलं. वाचताना माझा आवाज जरा उतरला असावा. गर्दीत कुजबुज झाली. दिरांच्या घराचं जोतं उंच, पाणी शिरलं होतं ते मागच्या गोठ्यात. ताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "भाऊसाहेब, गोठ्याचा पंचनामा येगळा. घरांच्या यादीतनं हे नाव काढा." दीर तिथंच बसले होते. ते उठून गेले. मी नावावर रेघ मारली.

त्यानंतर वाचन भराभर झालं. दोघा-तिघांनी आपणहून सांगितलं, आमच्या घरात पाणी आलं नाही, नाव काढा. अंधार पडेपर्यंत यादी पूर्ण झाली. वाढलेली नावं कापलेल्यांपेक्षा जास्त होती आणि पुढं एकही तक्रारअर्ज आला नाही. ताईंना घरात काय सोसावं लागलं, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. दिवाळीला दोन्ही घरांतून एकमेकांकडं फराळाची ताटं गेली नाहीत, एवढं गावानं पाहिलं.

त्या यादीवरूनच ताईंनी नंतर दुसरी वही करून घेतली: कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, कुठं गरोदर बाई, कुणाची किती जनावरं, कुणाकडं ट्रॅक्टर. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा 54 फुटांच्या पुढं गेलं. आमच्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 ला पुरातून माणसं काढताना उलटलेली बोट कुणी विसरलं नव्हतं, त्यामुळं बोटीची वाट बघायची वेळच येऊ द्यायची नाही असं ठरलेलं होतं. रस्ता उघडा होता तोवर वहीतल्या क्रमानं माणसं निघाली, जनावरं निघाली. पहिला ट्रॅक्टर दिरांचा होता.