मोहाखालची सकाळ

मार्च-एप्रिलमध्ये पूर्व विदर्भातल्या मोहाच्या झाडांची पाने गळून जातात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांशी फिकट पिवळसर, रसाळ फुलांचे झुबके धरतात. ही फुले रात्री उमलतात, अंधारात वटवाघळे त्यांच्यावर येतात आणि पहाटेपासून ती एकेक करून जमिनीवर पडू लागतात. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या गावांत या दिवसांत उजाडण्याआधीच माणसे टोपल्या घेऊन निघतात. माझे माहेर नवेगावबांधच्या परिसरातले असल्यामुळे मोहफूल हे लहानपणापासून कामाचे फूल होते: उन्हे चढण्याआधी वेचायचे, अंगणात वाळत घालायचे, तांबूस होऊन आकसले की पोत्यात भरून ठेवायचे. यंदा ईस्टरच्या सुटीत नॉर्वेहून साडेचार वर्षांच्या लेकीला घेऊन गावी आले आणि तिच्याबरोबर याच झाडाखाली बसले.

आईने झाडाखालचा पाचोळा आदल्या दिवशीच झाडून ठेवला होता. ती वाकून दोन्ही हातांनी भराभर वेचू लागली. लेकीने मात्र एकच फूल उचलले आणि ती तिथेच उकिडवी बसली. मोहाचे फूल गळते तेव्हा पाकळ्यांचा गोळा तेवढा खाली येतो आणि मधला स्त्रीकेसर झाडावरच राहतो, त्यामुळे पडलेले फूल मण्यासारखे पोकळ असते आणि त्याच्या बुडाशी बारीकसे भोक असते. लेकीला ते भोक सापडले. तिने त्यात वाळलेल्या गवताची काडी घातली, काढली, पुन्हा घातली, फूल डोळ्याजवळ नेऊन आतले केसर पाहिले, वास घेतला, मग जिभेच्या टोकाने चाखले आणि गोड लागताच आमच्या दोघींकडे अशा चेहऱ्याने पाहिले की जणू ही गोष्ट जगात प्रथमच कोणाला तरी कळली आहे. ऊन चढत होते, टोपली अर्धीच होती, म्हणून मी तिला पुढे चलण्यास सांगितले, तर आई म्हणाली, "पाहू दे न तिले. फुलं कुठी पळून चालले का?"

त्यानंतर लेक झाडाखाली दोन्ही तळवे पसरून उभी राहिली. फूल कधी डावीकडे पडे, कधी मागे, एकदा आजीच्या पाठीवर पडले. तळव्यात काही पडले नाही. प्रत्येक वेळी ती मनापासून हसली आणि पुन्हा तशीच उभी राहिली. फूल मिळण्यावर तिचा आनंद अवलंबून नव्हता, ते पडत होते एवढेच तिला पुरत होते. निष्काम वृत्तीविषयी मी बरेच ऐकले आणि वाचले आहे, पण ती माणसाच्या चेहऱ्यावर कशी दिसते, हे मला त्या सकाळी समजले, असे मी विचारपूर्वक म्हणते.

आमच्या गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतले पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होत असे. महाराजांनी 1935 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि तिथून ही शिस्त विदर्भाच्या खेड्याखेड्यांत पोहोचली. वडिलांशेजारी मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, डोळे मिटून बसण्याचा तो संस्कार माझ्यावर खोल आहे आणि परदेशात एकटेपण जाणवते तेव्हा तोच मला सावरतो. लेकीचे ध्यान उघड्या डोळ्यांचे आहे. तिला कोणी बसवलेले नाही आणि मन एकाग्र करण्यासाठी तिला ते कुठून ओढून आणावे लागत नाही. मला वाटते, डोळे मिटून आपण ज्याच्याजवळ पोहोचू पाहतो, त्याच्याजवळ ती एका फुलाच्या भोकातूनही पोहोचते. निदान तिच्याजवळ बसल्यावर माझे मन जसे निवते, ते प्रार्थनेतल्या निवण्याहून मला वेगळे वाटत नाही.

लहान मुलांना काही ठाऊक नसते म्हणून त्यांना सगळ्याचे नवल वाटते, असे पुष्कळ जण म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. वटवाघळे रात्री या फुलांपाशी येतात, हे सांगितल्यावर लेकीचे नवल ओसरले नाही, उलट वाढले. त्या रात्री तिने मला अंगणात थांबवले आणि काळ्या आभाळात काही हलते का, ते जेवण निवेपर्यंत पाहिले.

आम्ही राहतो त्या बर्गन शहरात पाऊस फार. तरीही तिथल्या बालवाडीत मुलांना रेनकोट आणि गमबूट घालून रोज बाहेर नेतात आणि ती चिखलात, शेवाळात, गोगलगायींजवळ हवा तितका वेळ बसतात. नॉर्वेत 1957 च्या कायद्याने मोकळ्या रानात कोणालाही पायी हिंडण्याचा हक्क दिलेला आहे, त्यामुळे रान हे मुलांना परके वाटत नाही. आपल्याकडे 2006 च्या वनहक्क कायद्याने मोहफुलासारख्या वनोपजावर गावाचा हक्क मानला आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, याचा मला अभिमान आहे. पण याच गावांतून शिकून बाहेर पडलेले आम्ही सुटीत मुलांना आणतो आणि ऊन, किडे, काटे यांच्या धाकाने कूलरपुढे बसवून परत नेतो, याचे मला फार वाईट वाटते. भीती अगदीच निराधार नाही. मोहफुलांसाठी अस्वलेही येतात, म्हणून पुरते उजाडल्यावर, जाणत्या माणसांबरोबर आणि गावालगतच्या झाडाखालीच जावे. पण जावे, आणि तिथे मुलाला घाई करू नये.

परवा फोनवर आईने सांगितले की झाडाला आता फळे धरली आहेत. लेकीने लगेच विचारले, "आजी, फळंपण रात्रीच पडतात का?" जन्मभर मोह वेचलेली माझी आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "थांब बाई, यंदा पाहून सांगतो तुले."