ईझी-ई समेवर कसा आला

शनिवार, रात्री उशिरा

‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ (२०१५) पुन्हा पाहिला. ईझी-ई, डॉ. ड्रे, आइस क्यूब यांच्या एन.डब्ल्यू.ए. या अमेरिकन रॅप गटाची गोष्ट, १४७ मिनिटांची. त्यातली स्टुडिओतली काही मिनिटं तेवढी डोक्यातून जात नाहीत.

साल १९८७. गाणं म्हणायला आणलेल्या न्यूयॉर्कच्या रॅपर पोरांना लॉस एंजेलिसच्या गल्लीतली भाषा तोंडात बसेना, ती निघून गेली. आइस क्यूबनं लिहिलेलं ‘बॉइज-एन-द-हूड’ हे गाणं तसंच पडलेलं. रेकॉर्डिंगचे पैसे ईझी-ईचे, तेव्हा डॉ. ड्रेनं त्यालाच माइकपुढे उभं केलं. रॅपशी त्याचा संबंध शून्य. पहिली ओळ घेतो तीच समेच्या अलीकडे-पलीकडे.

अशा गड्याकडून गाणं काढायचं तर ओळ-ओळ घ्यावी लागते. टेप दोन आवर्तनं मागे न्यायची, चालू करायची, गाणाऱ्यानं आधीच्या ओळीपासूनच सोबत म्हणत यायचं आणि नेमक्या जागी रेकॉर्डचं बटण दाबायचं. हेच पंच-इन. बटण जरा लवकर दाबलं की आधीच्या शब्दाचं शेपूट पुसलं जातं, उशीर झाला की नव्या ओळीचं पहिलं अक्षर गायब. टेपवर एकदा पुसलं ते गेलं. माइकपासून तोंड दोन-तीन इंच मागे सरकलं तरी आवाज पातळ होतो आणि जोड कानाला टोचतो. सगळ्यात अवघड श्वास: ओळी सुट्या घेतल्या की माणूस श्वास न घेताच बडबडतोय असं वाटतं.

डेट्रॉइटमधल्या कार्यक्रमाचा प्रसंग मात्र सिनेमात फुगवलेला. पडद्यावर दंगल, बेड्या, पोलीस गाडी. ऑगस्ट १९८९ मध्ये प्रत्यक्षात पोलीस स्टेजकडे धावले, ही मंडळी पळाली, पुढे हॉटेलवर गाठून चौकशी केली आणि सोडून दिलं. एवढ्यातही दम होता की!

पत्रकार डी बार्न्सला ड्रेनं १९९१ मध्ये मारहाण केली, त्याचा सिनेमात मागमूसही नाही. निर्मात्यांत ड्रे आणि क्यूब दोघेही. वर क्यूबची भूमिका त्याच्याच मुलानं केलेली. अरेबियन प्रिन्स तर मूळ गटातला, तोही वगळलेला. ईझी मार्च १९९५ मध्ये एड्सनं गेला. आपली बाजू मांडायला तो नव्हताच. तरी जेसन मिचेलनं उभा केलेला ईझीच सगळ्यांना पुरून उरतो. ती पहिली ओळ शेवटी समेवर पडते तेव्हा त्याचा चेहरा बघावा.