मोटर व्हॅलीतला आठवडा आणि दल्लाराची फॅक्टरी

इटली म्हटलं की रोम, व्हेनिस, पिसा असंच सगळे सुचवतात, पण मी आणि माझ्या मावसभावाने आख्खा आठवडा एमिलिया-रोमान्यामध्येच काढायचं ठरवलं होतं, कारण फेरारी, लॅम्बोर्गिनी, मासेराती, पगानी, दुकाती सगळं त्या एकाच पट्ट्यात आहे आणि त्या भागाला मोटर व्हॅलीच म्हणतात. मुक्काम बोलोन्यात, सकाळी नाश्ता करून ट्रेन पकडायची आणि रात्री परत, असं चाललं होतं.

फेरारीच्या गावाला, मारानेल्लोला गेलो, म्युझियम मस्तच आहे, पण गर्दी फार आणि फॅक्टरी बसच्या काचेतूनच बघायची, खाली उतरू देत नाहीत. त्याबद्दल नेटवर ढीगभर लिहिलेलं आहे म्हणून इथे थांबत नाही.

इमोला, जिथे एफ वनचा (फॉर्म्युला 1 चा) ट्रॅक आहे, ते मात्र वेगळं वाटलं. ट्रॅकला लागूनच अक्वे मिनेराली पार्क आहे, झाडं, सायकली, फिरायला आलेली म्हातारी माणसं, आणि त्यातच ब्राझीलचा एफ वन ड्रायव्हर आयर्टन सेनाचा पुतळा, मान खाली घालून बसलेला, शेजारच्या कुंपणावर ब्राझीलचे झेंडे, टोप्या, चिठ्ठ्या. 1 मे 1994 ला इथल्या तांबुरेल्लो वळणावर रेसमध्ये अपघात होऊन तो वारला. आदल्याच दिवशी क्वालिफायिंगमध्ये (रेस सुरू करायची जागा ठरवणाऱ्या फेरीत) रोलंड रात्झेनबर्गर हा ड्रायव्हर पण अपघातात वारला होता, पण बहुतेक लोक सेनासाठी येतात आणि रात्झेनबर्गरची आठवण कमी जण काढतात, याचं मला खरंच वाईट वाटलं. दोघंही तितक्याच जिवावर उदार होऊन गाडीत बसले होते ना.

दोन दिवसांनी दल्लारा या रेसकार बनवणाऱ्या कंपनीची फॅक्टरी बघायला वारानो दे मेलेगारीला गेलो. पार्मापासून डोंगरांच्या दिशेने, चेनो नदीच्या खोऱ्यातलं छोटंसं गाव, वर एक जुना किल्ला. जानपाओलो दल्लारा यांनी फेरारी, मासेराती आणि लॅम्बोर्गिनीत काम केलं, लॅम्बोर्गिनीच्या मिउरा गाडीची चेसिस (मूळ सांगाडा) बनवण्यात त्यांचा मोठा हात होता, आणि 1972 मध्ये ते आपल्या गावी परत आले आणि इथे स्वतःची कंपनी काढली. आज अमेरिकेतली इंडीकार रेसिंग, फॉर्म्युला 2, फॉर्म्युला 3 च्या सगळ्या टीम्सच्या चेसिस हीच एक कंपनी बनवते, आपला करुण चंधोक 2010 मध्ये एचआरटी टीमची जी एफ वन गाडी चालवायचा ती पण यांनीच बनवलेली. एवढं असून नाव किती जणांना माहितीये?

आत मोबाईल बाहेर काढायला बंदी होती. मला वाटलं होतं सगळीकडे रोबोट असतील, पण सगळ्यात महत्त्वाचं काम माणसं हाताने करत होती. कार्बन फायबरचं कापड रेझिन (गरम केल्यावर कडक होणारा चिकट पदार्थ) लावलेलंच येतं, ते फ्रीझरमध्ये ठेवतात नाहीतर ते हळूहळू कडक व्हायला लागतं. मग शिंपी कापड बेततो तसे त्याचे तुकडे कापायचे आणि साच्यात एकावर एक बसवायचे, प्रत्येक थराच्या धाग्यांची दिशा वेगळी, कारण धागा ज्या दिशेने जातो त्या दिशेनेच खरा ताण घेतो. एक बाई ड्रायव्हर बसतो त्या टबच्या साच्यावर काम करत होत्या, हॉट एअर गनने तुकडा किंचित गरम करायच्या आणि प्लास्टिकच्या छोट्या पट्टीने आतल्या कोपऱ्यात दाबत न्यायच्या, मग बोटाने चाचपायच्या, मग परत पट्टी. एका कोपऱ्यावर त्या किती वेळ होत्या, आमचा ग्रुप पुढे सरकला तरी त्यांचं तिथेच चाललेलं. खाली हवा राहिली तर तिथे थर सुटू शकतो. शेवटी हवा काढलेल्या व्हॅक्यूम बॅगेत घालून ऑटोक्लेव्ह नावाच्या मोठ्या भट्टीत, तिथे उष्णता आणि प्रचंड दाब मिळून सगळे थर एकजीव होतात.

हे बघताना मला एफ वन ड्रायव्हर रोमां ग्रोजां आठवला. नोव्हेंबर 2020, बहरीन, त्याची हास टीमची गाडी ताशी 192 किलोमीटरच्या स्पीडने रेलिंगमध्ये घुसली, गाडीचे दोन तुकडे झाले, आग लागली, आणि तो 27 सेकंदांनी स्वतःच्या पायांनी बाहेर आला. हेलोने (ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीच्या संरक्षक कड्याने) डोकं वाचवलं हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे, पण तो ज्या टबमध्ये बसला होता तो टब टिकला म्हणून पुढचं सगळं झालं, आणि हासची ती चेसिस दल्लाराने बनवलेली होती. इंडीकारच्या डीडब्ल्यू 12 या गाडीला नाव पण ड्रायव्हर डॅन व्हेल्डनचं दिलंय, ती गाडी टेस्ट करून देणारा तोच, आणि ती रेसमध्ये उतरायच्या आधीच, ऑक्टोबर 2011 मध्ये, लास वेगासच्या रेसमध्ये जुन्या मॉडेलच्या गाडीत अपघात होऊन वारला. गावातल्या छोट्या रेसट्रॅकला पण रिकार्दो पालेत्ती या ड्रायव्हरचं नाव आहे, 1982 ला कॅनडातल्या रेसमध्ये स्टार्टलाच अपघातात वारला, वय फक्त 23. म्हणजे हे सगळं किती मोलाने शिकलंय ते त्या गावात पावलोपावली कळतं. वेगाचे आकडे आपण तोंडपाठ करतो, पण मला आता हे कोपऱ्यात पट्टी दाबणारे लोक या खेळातले सगळ्यात मोठे वाटतात.

कोणाला जायचं असेल तर आधी बुकिंग करा, तिथल्या दल्लारा अकॅडमीत जुन्या गाड्या बघायला मिळतात, फॅक्टरीच्या आत जायची परवानगी मात्र वेगळी विचारून घ्या. पार्माहून फोर्नोवोपर्यंत ट्रेन आहे, पुढे बस किंवा टॅक्सी. आणि मारानेल्लोला अर्धा दिवस पुरतो, वारानोला पूर्ण दिवस ठेवा.