आधी सत्कार, मग काम

शनिवार, १० ऑक्टोबर २००९

काल दुपारपासून लाइट नव्हती, त्यामुळे बातमी आज सकाळी पेपरातच कळली. बराक ओबामांना शांततेचं नोबेल. मला आधी वाटलं, कुणीतरी नाव सुचवलं असेल आणि पेपरवाल्यांनी हेडिंग फुगवलं असेल. पण नाही, नॉर्वेच्या ऑस्लोतून जाहीरच झालंय. शनिवारची सकाळची शाळा, मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या टेबलावर तोच पेपर पसरलेला. "नऊ महिने पण पुरे झाले नाहीत की ओ त्यांना," एवढंच सर म्हणाले आणि खिचडीचं रजिस्टर ओढलं.

बाहेर प्रचाराच्या जीपा फिरतायत. येत्या मंगळवारी विधानसभेचं मतदान. मी सरकारी नोकर, त्यात निवडणुकीच्या ड्यूटीवर, म्हणून इथल्या उमेदवारांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. ओबामाबद्दल लिहायला मात्र आचारसंहिता आडवी येत नाही.

२० जानेवारीला त्यांनी शपथ घेतली. नोबेलसाठी नावं सुचवायची मुदत १ फेब्रुवारीला संपते. पेपरवाले याच बारा दिवसांवर टपून बसलेत. मला तो मुद्दा तितका पटत नाही. नाव कधी आलं यापेक्षा निर्णय कधी झाला ते बघायला हवं, आणि निर्णय ऑक्टोबरात झालाय. मधल्या काळात एप्रिलमध्ये प्रागला अण्वस्त्रमुक्त जगाचं भाषण झालं, जूनमध्ये कैरोत मुस्लिम जगाला उद्देशून दुसरं. गेल्या महिन्यात सुरक्षा परिषदेच्या बैठकीचं अध्यक्षपद स्वतः घेऊन अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध ठराव करून घेतला. दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्यांना अमेरिका जिथं डांबते तो ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करायचा आदेश तर शपथेनंतर दोनच दिवसांनी काढला. भाषणं चांगली होती, खोटं कशाला बोलू. कैरोचं मी टीव्हीवर पाहिलं होतं, जेवढी लाइट होती तेवढं.

पण नोबेल समितीच्या मानपत्रातही शब्द कोणता आहे? 'असाधारण प्रयत्न'. आल्फ्रेड नोबेलने १८९५ च्या मृत्युपत्रात लिहिलंय की राष्ट्राराष्ट्रांतला बंधुभाव वाढवणं, खडी सैन्यं कमी करणं आणि शांतता परिषदा भरवणं, यासाठी ज्याने मागच्या वर्षी सर्वांत जास्त किंवा सर्वांत चांगलं काम केलं त्याला हे बक्षीस द्या. काम केलं त्याला. करील त्याला असं कुठं लिहिलेलं नाही. आणि मागच्या वर्षी हा माणूस काय करत होता? निवडणूक लढवत होता.

आमच्या गावात शांततेचा पुरस्कार हा विषय काही नवा नाही. २००७ च्या १५ ऑगस्टपासून सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढलीय. ग्रामसभेत समिती निवडायची, गावातली भांडणं गावातच सामोपचाराने मिटवायची आणि सगळं नोंदवून ठेवायचं: दिवाणी किती, महसुली किती, फौजदारी किती, इतर किती. वर्ष संपलं की मूल्यमापनाला बाहेरची माणसं येतात, कागद तपासतात, गुण देतात. पास झालं तर लोकसंख्येप्रमाणे १ लाखापासून १० लाखांपर्यंत बक्षीस. फारच गुण पडले तर विशेष शांतता पुरस्कार वेगळा. या योजनेला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. काही गावांत मिटलेले तंटे दाखवायला आधी तंटे तयार करतात म्हणे. तरीपण भाऊबंदकीतला एखादा बांध खरोखर सरळ झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

आता गंमत अशी की ऑगस्टच्या ग्रामसभेत नवे अध्यक्ष निवडले गेले आणि त्याच संध्याकाळी मारुतीच्या पारावर त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा, हलगी, सगळं. अजून एक तंटा मिटवलेला नाही. मी आबांना तसं बोलूनही दाखवलं. (आबा आमच्या शेजारचे. ऐंशीच्या घरातले, पण गावची बैठक त्यांच्याशिवाय सुरू होत नाही.) ते हसले. म्हणाले, "गुरुजी, तुमचं आपलं कायतरीच. सत्कार केला की माणसाला लाज राहती. उद्या भांडणात बोलावलं तर नाही म्हणता येतंय का त्याला?"

आज पेपर वाचताना आबा आठवले. ऑस्लोच्या नोबेल समितीतल्या पाच माणसांनी नेमकं हेच केलंय. फेटा आधी बांधलाय आणि म्हणतायत, आता लाज राख. ओबामाही तसंच बोलले. हा पुरस्कार माझ्या कर्तबगारीचा नाही, कामाला लागा असं आवाहन आहे, असं समजून घेतो म्हणाले.

आबांचा हिशेब गावात बरोबर बसतो. कारण अध्यक्षांना रोज त्याच पारावरून जायचंय. भांडणात गेले नाहीत तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारणारच, "काय अध्यक्ष, फेटा कुठाय?" अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला हे कुणी विचारायचं? त्याच्यावर मतदारांचं दडपण असतं, सैन्याचं असतं, तिथल्या काँग्रेसचं म्हणजे संसदेचं असतं. नॉर्वेच्या पाच लोकांची लाज त्या ढिगाऱ्यात कितवी? बरं, एकदा दिलेलं नोबेल परत घेता येत नाही. ते नियमातच नाही.

म्हणून माझं मत नोंदवून ठेवतो. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण आज तरी या पुरस्काराला तो पात्र नाही. आणि दोष त्याच्यापेक्षा देणाऱ्यांकडे जास्त जातो.

उद्या सोयाबीनची रास करायचीय. मळणीयंत्रवाला येतो म्हणालाय. बघू.

बुधवार, १४ ऑक्टोबर २००९

ड्यूटी संपली. काल रात्री मशीन जमा करून घरी यायला फार उशीर झाला, अंग मोडून निघालंय. केंद्रावर गडबड काही नाही.

दुपारी गर्दी ओसरल्यावर आमच्या टीममधल्या पाटबंधारेवाल्या साहेबांनी विषय काढला. त्यांचं म्हणणं, हे बक्षीस ओबामाला नाहीच, आधीचा राष्ट्राध्यक्ष बुश गेला याचं आहे. मला ते बरंचसं खरं वाटतं. पण मग बक्षीस तिथल्या मतदारांना द्यायला हवं होतं, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "मतदाराला कुणी काय देतं का हो?" आणि दोघंही गप्प बसलो, कारण पोलिंग एजंट कान देऊन ऐकत होते.

मग गांधीजींवर गाडी आलीच. १९३७, ३८, ३९, मग १९४७ आणि शेवटी १९४८, एवढ्या वेळा नाव गेलं आणि मिळालं नाही. १९४८ ला तर हत्येच्या काही दिवस आधीच नाव सुचवलेलं होतं. त्या वर्षी समितीने योग्य असा हयात उमेदवार नाही म्हणून पुरस्कार कुणालाच दिला नाही. आयुष्यभर काम केलेला माणूस थांबून थांबून गेला. त्यांच्या नावाचं शांततेचं बक्षीस मिळतं ते आमच्या तंटामुक्तीत.

साहेबांनी विचारलं, खुर्चीवरच्या नेत्याला देऊच नये का? तसं मी म्हणणार नाही. थिओडोर रूझवेल्ट १९०६ साली राष्ट्राध्यक्षच होते, पण त्यांनी रशिया-जपानचं युद्ध मिटवलेलं होतं, १९०५ चा तह समोर होता. जर्मनीच्या विली ब्रांट यांना चॅन्सेलर होऊन दोनच वर्षं झाली होती तेव्हा १९७१ चं मिळालं. पण १९७० मध्ये सोव्हिएत युनियनशी मॉस्कोत आणि पोलंडशी वॉर्सात, दोन्ही करारांवर सह्या झाल्या होत्या, आणि वॉर्सात ते ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघ्यांवर बसले ते जगानं पाहिलं होतं. वर्षं थोडी असली तरी चालतं, हातात कागद पाहिजे. कार्टर यांना तर पद सोडून वीसेक वर्षं झाल्यावर २००२ साली दिलं, ते मला सगळ्यांत रास्त वाटतं.

शनिवार, १२ डिसेंबर २००९

परवा ऑस्लोत समारंभ झाला. भाषणाचा बराच भाग कालच्या आणि आजच्या पेपरात आलाय.

१ डिसेंबरला या माणसाने अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठवतो म्हणून जाहीर केलं आणि दहाव्या दिवशी शांततेचं पदक घेतलं. मला वाटलं होतं हा विषय भाषणात टाळतील. टाळला नाही. सुरुवातीलाच म्हणाले की माझ्या कामाची मी सुरुवात केलीय, शेवट नाही, आणि श्वाइट्झर, मार्टिन ल्यूथर किंग, मंडेला या आधीच्या मानकऱ्यांपुढे माझं कर्तृत्व किरकोळ आहे. दोन युद्धं चालू असलेल्या देशाचा मी सेनापती आहे, हेही बोलून टाकलं. सत्काराला उत्तर देताना एवढं खरं बोललेला माणूस आमच्या तालुक्यात माझ्या पाहण्यात नाही.

पण त्यांचा पुढचा मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाहीये. गांधी आणि किंग यांना मानतो, पण अहिंसक चळवळीने हिटलरचं सैन्य थांबलं नसतं; काही वेळा युद्ध न्याय्य असतं, असं ते म्हणाले.

हे मी आबांना वाचून दाखवलं. त्यांनी विडीचा झुरका मारला. "आपल्याकडं काय झालं मग?" म्हणाले. आमचा मुलूख निजामाचा. स्वामी रामानंद तीर्थांनी सत्याग्रह केले, तुरुंग भोगला, गावोगावची पोरं तुरुंगात गेली. तरी निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार हटले ते १९४८ च्या सप्टेंबरात भारताचं लष्कर शिरलं तेव्हा. पाच दिवसांत निकाल लागला, १७ तारखेला आपण अजूनही झेंडा लावतो. आबा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. "लष्कर आलं म्हणून आपण सुटलो," म्हणाले, आणि थोड्या वेळाने, मी न विचारता, "पर त्याच्यानंतर जे झालं ते पण चांगलं नव्हतं. मुसलमानाच्या घरांचं लई वाईट झालं." त्यावर ते पुढं बोलले नाहीत. गावात कुणीच बोलत नाही.

म्हणजे ओबामांचं वाक्य खोटं आहे असं मराठवाड्यातल्या माणसानं तरी म्हणू नये. आमचंच स्वातंत्र्य लष्करी कारवाईने आलं. पण म्हणून सरदार पटेलांना शांततेचा पुरस्कार द्या असं कुणाच्या मनातही आलं नाही. कारवाई लागली म्हणून केली, तिचं श्रेय वेगळ्या खात्यात. न्याय्य युद्ध असेल तर ते लढणाऱ्याला लोकांनी निवडून द्यावं, पुतळे उभारावेत. शांततेच्या पदकाला त्यात ओढू नये. १९७३ ला व्हिएतनामच्या युद्धबंदीसाठी अमेरिकेचे किसिंजर आणि उत्तर व्हिएतनामचे ले डुक थो यांना जोडीने दिलं, तेव्हा ले डुक थो यांनी अजून शांतता झालीच नाही म्हणून नाकारलं होतं. तो मार्ग ओबामांनाही मोकळा होता. एवढं प्रामाणिक भाषण करण्यापेक्षा चार ओळींचं पत्र पाठवलं असतं तर मी आजच पात्र म्हटलं असतं, हा विनोद मला स्वतःलाच जरा आवडलाय.

तर आता मूल्यमापन. नव्या वर्षाच्या डायरीत २२ जानेवारीच्या पानावर 'ग्वांतानामो' असं लिहून ठेवलंय, वर्षाची मुदत त्या दिवशी संपते. रशियाबरोबरचा अण्वस्त्रांचा जुना करार या ५ तारखेला संपला, नव्याची बोलणी चालू आहेत. सही झाली तर मी माझ्या मतात फरक करीन. अफगाणिस्तानातून सैन्य परत आणायला जुलै २०११ मध्ये सुरुवात करू म्हणालेत, तेवढी डायरी अजून बाजारात नाही.

आमच्या अध्यक्षांचे रजिस्टरवर आजपर्यंत दोन तंटे मिटलेत. एक त्यांच्याच चुलतभावाचा.