शिडाच्या नौकेतील लहान डिझेल इंजिनाची निगा

शिडाच्या नौकेवरील इंजिन फार चालवल्याने झिजण्यापेक्षा न चालवल्यानेच अधिक खराब होते, हे या विषयातील माझे सर्वांत ठाम मत आहे. मालवाहू गाडीचे डिझेल इंजिन रोज तासन्‌तास भाराखाली चालते, त्याचे तेल रोज पुरेसे तापते आणि टाकीतले इंधन साचून राहण्याआधीच जळून जाते. शिडाच्या नौकेतील दहा ते तीस अश्वशक्तीचे इंजिन मात्र बंदरातून बाहेर पडताना थोडा वेळ आणि परतताना थोडा वेळ चालते, आणि उरलेला सारा काळ नौकेच्या तळाजवळच्या कप्प्यात, खाऱ्या आणि दमट हवेत स्वस्थ उभे असते. अनेक नौकांवर वर्षाकाठी त्याचे शंभर तासही भरत नाहीत. तरीही वारा पडून ओहोटीचा प्रवाह खडकांकडे ओढू लागला की किल्ली फिरवताच ते सुरू व्हावे अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र ती पुरी व्हायची तर इंजिनाची देखभाल तासांच्या हिशेबाने न करता महिन्यांच्या आणि ऋतूंच्या हिशेबाने करावी लागते.

डिझेल इंजिनाच्या मूळ गरजा अगदी मोजक्या आहेत. रुडॉल्फ डिझेल यांचे यशस्वी इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चालले, आणि त्यामागचे तत्त्व आजच्या एक-दोन सिलिंडरच्या नौका-इंजिनातही तेच आहे. सिलिंडरातील हवा सुमारे वीस पट दाबली की ती पाचशे अंश सेल्सियसच्याही वर तापते आणि तीत फवारलेले डिझेल ठिणगीवाचून पेट घेते. दमट कप्प्यात हा मोठाच लाभ आहे, कारण ओलाव्याने दगा देणारी ठिणगीची विद्युतव्यवस्था इथे मुळात नसतेच. हवा मोकळी येत असेल, सिलिंडरातील दाब टिकून असेल आणि स्वच्छ इंधन योग्य क्षणी पोहोचत असेल, तर इंजिन चालतेच. चालते इंजिन कुरकुरत, मंदावत आपोआप बंद पडले, तर म्हणूनच मी सर्वप्रथम इंधनाकडे पाहतो.

इंधनाचा खरा शत्रू पाणी आहे. टाकी अर्धी रिकामी राहिली तर रात्रीच्या गारव्यात तिच्या भिंतींवर दव धरते, आणि डेकवरील झाकणाचे रबरी कडे कडक झालेले असेल तर पावसाचे व लाटांचे पाणी तिथूनही झिरपते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, आणि जिथे पाणी व डिझेल एकमेकांना भिडतात त्या सीमेवर जीवाणू आणि बुरशी वाढून काळसर, बुळबुळीत गाळ तयार होतो. धक्क्याला बांधलेल्या नौकेत हा गाळ निवांत पडून असतो आणि इंजिनही उत्तम चालते. समुद्र खवळला की टाकी ढवळली जाते, गाळ वर उठतो, नळीत ओढला जातो आणि फिल्टर तुंबतो. म्हणजे अरुंद मुखातून बंदरात शिरताना, इंजिनाची सर्वाधिक गरज असतानाच, ते थांबते. हा योगायोग नसून टाकीतील अस्वच्छतेचा सरळ परिणाम आहे. त्यामुळे नौका उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी, झाकणाचे कडे वेळेवर बदलावे आणि टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूतून अधूनमधून थोडे इंधन काचेच्या बरणीत काढून पाहावे. काही मिनिटे स्थिर ठेवल्यावर पाणी खाली वेगळे दिसते. जंतुनाशक औषध उपयोगी आहे, पण मेलेला गाळही फिल्टर तितकाच तुंबवतो. गाळ साचलेल्या टाकीत औषध ओतण्याआधी ती उघडून स्वच्छ करणे मला अपरिहार्य वाटते.

टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा, दहा ते तीस मायक्रॉनचा पहिला फिल्टर असतो आणि इंजिनावर त्याहून बारीक असा दुसरा. पहिल्याची पारदर्शक वाटी प्रत्येक फेरीआधी पाहण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे, कारण तिच्या तळाशी पाण्याचा थर दिसणे म्हणजे पुढे येऊ घातलेल्या अडचणीची आगाऊ सूचना असते. फिल्टर बदलला, किंवा कुठल्याशा सैल जोडातून हवा आत शिरली, की इंजिन एअर धरते आणि ती काढावी लागते. टाकीतून इंधन ओढणाऱ्या फीड पंपाची छोटी दांडी हाताने चालवत आधी इंजिनावरील फिल्टरचा एअर स्क्रू थोडा सैल करायचा, फेसाळ इंधन जाऊन बुडबुड्यांविना सलग धार येऊ लागली की तो घट्ट करायचा, मग इंजेक्शन पंपाच्या स्क्रूशी तेच करायचे. तेवढ्याने भागले नाही तर इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट किंचित सैल करून स्टार्टर फिरवायचा. दांडी सैल, निर्जीव लागत असेल तर पंप बिघडला असे लगेच समजू नये. पंपाला ढकलणारे आतले उंचवट्याचे चाक, म्हणजे कॅम, उंचवट्यावर थांबलेले असते आणि इंजिन अर्धा-एक फेरा फिरवले की दांडीला पुन्हा जोर येतो. एक सावधगिरी मात्र कधीही विसरू नये. इंजेक्टरमधून डिझेल दीडशे बारहून अधिक दाबाने फवारले जाते आणि हा फवारा त्वचेच्या आत घुसू शकतो, त्यामुळे गळती शोधताना बोट न लावता पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. एअर काढण्याचे हे काम प्रत्येक नौकाधारकाने शांत पाण्यात, दिवसाउजेडी, स्वतःच्या हातांनी करून पाहिलेले असावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

इंधनानंतर थंडाव्याचे पाणी. काही इंजिनांत समुद्राचे पाणी थेट सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरते; तिथे क्षार साचू नयेत म्हणून तापमान मुद्दाम कमी, सुमारे साठ अंशांच्या आत राखलेले असते. बहुतेक नव्या इंजिनांत आतमध्ये गोडे पाणी व कूलंट फिरते आणि समुद्राचे पाणी त्याला बाहेरून, हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांतून, थंड करते. दोन्ही व्यवस्थांत समुद्राचे पाणी खेचणारा पंप सारखाच असतो: रबराच्या लवचीक पात्यांचे एक चक्र, म्हणजे इम्पेलर. पाण्याशिवाय तो फार थोडा वेळ टिकतो, कारण त्या पात्यांना वंगण पाण्याचेच असते. समुद्राचे पाणी आत घेणारा नौकेच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडायचा राहिला किंवा प्लॅस्टिकची पिशवी तोंडाशी चिकटली, की पाती तापून फाटतात. नुसता नवा इम्पेलर बसवून काम संपत नाही. तुटलेल्या पात्यांचे तुकडे प्रवाहाबरोबर पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात आणि महिन्यांनंतर इंजिन तापू लागते. म्हणून जुन्या चक्राची पाती मोजावीत, जितकी कमी भरतील तितके तुकडे शोधून काढावेत आणि मगच झाकण लावावे. उभ्या इंजिनात काही पाती कायम वाकलेल्या स्थितीत दाबून राहतात व तिथेच चिरतात. त्यामुळे वापर कितीही कमी असला तरी वर्षातून एकदा इम्पेलर बदलणे योग्य ठरते, आणि बसवताना पात्यांना थोडे ग्लिसरीन लावले की पाणी पोहोचेपर्यंतचे पहिले काही फेरे सुखरूप जातात.

इंजिन सुरू होताच मागे वाकून एक्झॉस्टमधून पाणी पडते आहे की नाही हे पाहावे. थंडाव्याचे काम आटोपलेले समुद्राचे पाणी एक्झॉस्टच्या वाकड्या नळकांड्यात गरम वायूंमध्ये मिसळते, सायलेन्सरमध्ये साचते आणि वायूंच्या जोराने बाहेर फेकले जाते. ही व्यवस्था चांगली असली तरी तिच्यात एक धोका दडलेला आहे आणि त्याची चर्चा पुरेशी होत नाही. इंजिन सुरू होत नसताना आपण पुन्हा पुन्हा स्टार्टर फिरवतो, तेव्हा पंप प्रत्येक वेळी पाणी ढकलत असतो, पण ते बाहेर फेकणारे वायू मात्र तयार होत नसतात. सायलेन्सर भरतो, पाणी मागे चढते आणि उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरात उतरते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकूही शकतो. दोन-तीन प्रयत्नांत इंजिन पेटले नाही तर समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून मगच पुढचे प्रयत्न करावेत, आणि ते पेटताक्षणी व्हॉल्व्ह उघडावा. पाणी आत गेल्याची शंका आली तर स्टार्टरला हातही लावू नये. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवावे, पाणी बाहेर घालवावे, तेल पांढुरके झाले असेल तर ते स्वच्छ राहीपर्यंत बदलावे आणि इंजिन त्याच दिवशी चालवून पूर्ण तापवावे. दुसऱ्या दिवसावर ढकलले की गंज आपले काम सुरू करतो.

पाणी मागे येण्याची दुसरी वाट सायफनची आहे. पाणी मिसळण्याची जागा समुद्राच्या पातळीखाली किंवा जेमतेम वर असेल तर नळी उंच वळवून तिच्या माथ्यावर हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. मीठ साचून तो चिकटतो आणि असून नसल्यासारखा होतो, म्हणून तो दरवर्षी खोलून गोड्या पाण्यात धुवावा. मिसळनळकांडेही काजळी आणि क्षार यांच्या मिश्रणाने आतून अरुंद होत जाते. इंजिन पूर्ण वेग गाठत नाही, धूर काळा होतो, पण दोष कुठे आहे हे चटकन उमगत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा ते काढून आत पाहिलेले बरे. हीट एक्स्चेंजरमधील किंवा इंजिनाच्या अंगातील झिंकचा तुकडा अर्धा झिजला की बदलावा, कारण तो संपल्यावर खारे पाणी इंजिनाचाच धातू खाऊ लागते.

तेलाबाबत माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की ते हंगाम संपताना बदलावे, हंगाम सुरू होताना नव्हे. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले, ओलावा आणि काजळी असते, आणि ते महिनोन्‌महिने बेअरिंगांभोवती ठेवणे हानिकारक आहे. इंजिन चांगले गरम करावे, डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने तेल ओढून घ्यावे, फिल्टर बदलावा, नवे तेल भरून पुन्हा थोडा वेळ चालवावे. तासांचा अवधी निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेला असतोच. पण तास भरले नाहीत तरी वर्ष भरले की तेल बदलायचे.

बॅटरी चार्ज करण्यासाठी नांगरावर इंजिन मंद गतीने तासभर चालू ठेवण्याची प्रथा मला मुळीच मान्य नाही. भार नसलेले इंजिन नीट तापत नाही, इंधन अर्धवट जळते, काजळी साचते आणि सिलिंडरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होऊन पिस्टन रिंगांची पकड जाते. मग तेल जळू लागते आणि दाबही घटतो. अधूनमधून गिअर टाकून, भाराखाली, बऱ्यापैकी वेगाने अर्धा तास इंजिन चालवणे हेच त्याचे खरे आरोग्य आहे. अशा वेळी पूर्ण थ्रॉटलवर ठरलेला कमाल वेग गाठला जातो का हेही तपासून घ्यावे. तो गाठला जात नसेल तर नौका ढकलणाऱ्या पंख्यावर, म्हणजे प्रोपेलरवर, शिंपले-शेवाळ चढले आहे, पंख्याची चाल (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे अंतर) जास्त आहे किंवा एक्झॉस्ट तुंबला आहे. धुराचा रंगही बोलका असतो: काळा धूर अतिभार किंवा हवेची कमतरता सांगतो, निळा धूर तेल जळत असल्याचे, तर पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचे किंवा पाण्याच्या वाफेचे लक्षण असतो.

बेल्टखाली काळी भुकटी दिसली की ताण आणि पुल्यांची सरळ रेषा तपासावी. विजेच्या बाजूने बॅटरीची आणि अर्थिंगची टोके गंजमुक्त ठेवली की स्टार्टरच्या बहुतांश तक्रारी उद्भवतच नाहीत. थांबवताना आधी इंजिन पूर्ण थांबू द्यावे आणि नंतरच किल्ली बंद करावी. चालत्या इंजिनाची किल्ली बंद केली तर काही जोडण्यांत अल्टरनेटरचे डायोड जळतात. इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आहेत का हे नौका पाण्यात असतानाच मोजावे, कारण किनाऱ्यावर आधारांवर ठेवलेल्या नौकेचा आकार किंचित बदललेला असतो.

इंजिनाखालील ताट आणि कप्प्याच्या भिंती पांढऱ्या रंगवून स्वच्छ ठेवाव्यात, असा माझा आग्रह असतो. स्वच्छ ताटात पडलेला पहिला थेंब दिसतो, आणि तो तेलाचा आहे, डिझेलचा आहे, कूलंटचा आहे की खाऱ्या पाण्याचा हे बोटाने, वासाने लगेच कळते. मळलेल्या इंजिनावर मात्र गळती महिनाभर लपून राहते. तपासणीची तारीख, इंजिनाचे तास आणि केलेले काम मी एका वहीत लिहितो; तेलाची पातळी किंवा तापमान नेहमीपेक्षा वेगळे आहे हे ठरवण्यासाठी नेहमीचे किती असते हे कुठेतरी नोंदलेले असावे लागते.

नौका दीर्घकाळ उभी करायची असेल तेव्हा समुद्राच्या पाण्याचा मार्ग गोड्या पाण्याने धुवून काढावा, गोठण्याची थंडी पडत असेल तर त्यात बिनविषारी अँटिफ्रीझ खेळवावे, इम्पेलर काढून ठेवावा, बेल्ट सैल करावा, आणि हवेचे व एक्झॉस्टचे तोंड तेलकट फडक्याने बंद करावे म्हणजे दमट हवा सिलिंडरात शिरत नाही. सिलिंडरातील दाब सोडणारा डीकॉम्प्रेशन लिव्हर असलेले इंजिन महिन्यातून एकदा हँडलने काही फेरे फिरवता येते; पिस्टन रिंगा एकाच जागी चिकटत नाहीत. तळाचा व्हॉल्व्ह बंद केला की इंजिनाची किल्ली मी त्याच्याच दांड्याला अडकवून ठेवतो, आणि काढलेल्या इम्पेलरची व बंद केलेल्या तोंडांची चिठ्ठी किल्लीला बांधतो.