दोन गाद्या, एक छत्रपती : सातारा-करवीर जोडराज्याची तिसरी नोंद

मंडळी, सातारा आणि करवीर (कोल्हापूर) या मराठ्यांच्या दोन गाद्या एकाच छत्रपतीकडे आल्या असत्या तर, असं कल्पित जग मी रचतोय. मागच्या नोंदीत इतिहासाचा फाटा, म्हणजे खऱ्या इतिहासापासून माझं जग वेगळं होतं ती जागा, मी १७३१ च्या वारणेच्या तहावर ठेवला होता. तो काढून टाकलाय. त्या तहाने वारणेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरच्या संभाजीराजांकडे (राजाराम महाराजांचे पुत्र) गेला, उत्तरेचा साताऱ्याच्या शाहू महाराजांकडे राहिला. तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत जे मिळेल ते निम्मं निम्मं. चुलतभावांनी इतक्या नीट वाटण्या केल्यावर घर पुन्हा एक करायला कारण कुठून आणायचं? महिनाभर अडकलो होतो.

नवा फाटा आहे १५ डिसेंबर १७४९, शाहू महाराजांचा मृत्यू. गादीला मुलगा नाही. शेवटच्या आजारात त्यांनी स्वतः लिहून ठेवलं की वंश आहे त्याला बसवावं, पण ‘कोल्हापूरचे न करणे’. नानासाहेब पेशव्यांनी मात्र १७४० च्या सुमारास संभाजीराजांशी गुप्त करार केला होता, शाहू महाराजांमागे साताराही तुम्हालाच मिळेल म्हणून. म्हणजे दोन्ही गाद्या एका हाती देण्याचा बेत खरोखर झाला होता. माझ्या जगात ते तीन शब्द लिहिले जात नाहीत. बदल तेवढाच.

तेवढ्यानेही साताऱ्याचा वाडा पार बदलतो, कारण तिथे राजाराम महाराजांच्या राणी ताराबाई आहेत. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर संभाजीराजांच्या आई राजसबाईंनी ताराबाईंना आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकून संभाजीराजांना बसवलं. आता तेच संभाजीराजे छत्रपती म्हणून साताऱ्यात येणार आणि पंचाहत्तरीला आलेल्या ताराबाई ते बघत बसणार? मुळीच नाही. खऱ्या इतिहासात त्यांनी रामराजाला नातू म्हणून पुढे आणलं आणि पुढे त्यालाच कैद केलं. माझ्या जगात रामराजा गादीवर नाही, पण ताराबाईंच्या हातातला दावेदार म्हणून तो आहेच. पहिली तीन वर्षं जोडराज्याचा खरा शत्रू निजाम नाही, साताऱ्याचा किल्ला अजिंक्यतारा आहे.

दोन्ही गाद्यांची राजमंडळं, म्हणजे प्रधानांची मंडळं, मी एक केलेली नाहीत. साताऱ्याला पेशवे, प्रतिनिधी, सचिव. करवीरकरांच्या पन्हाळ्याला अमात्य, आणि कारभारावर संभाजीराजांच्या राणी जिजाबाई. संभाजीराजे साताऱ्याला गेले की पन्हाळ्यावर शब्द जिजाबाईंचाच चालतो, आणि मला तो चालवायला आवडतो; त्या काळातल्या फार थोड्या कारभाऱ्यांना इतकी जरब होती. वतनं वाटू नयेत हा रामचंद्रपंत अमात्यांचा जुना आग्रह करवीरचा, तर सरंजामावर, म्हणजे सरदारांना फौजेसाठी तोडून दिलेल्या मुलखावर, उभी राहिलेली फौज साताऱ्याची. एका छत्रपतीला या दोन रीतींवर शिक्का मारायचाय. सगळं राजकारण मी या एका ताणावर उभं केलंय.

संस्कृतीचा भाग छोटा आहे, पण जवळचा. आजही चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या सासनकाठीला असतो. देव वारणेच्या दक्षिणेला, मान उत्तरेच्या गावाला! जोडराज्यात मी या यात्रेला दरबारी मान दिलाय: दोन्ही राजमंडळांचे कारकून तिथे भेटतात आणि सीमेवरचे तंटे तिथेच मिटतात. कृष्णेपलीकडच्या कानडी महालांत (परगण्यांत) पत्रं मोडीतच जातात, पण देसायांच्या चावडीवर बोलणं कानडीत होतं.

आता मोठा पेच. संभाजीराजे १८ डिसेंबर १७६० ला गेले, निपुत्रिक. पानिपत त्यानंतर सत्तावीस दिवसांनी. मृत्यूची तारीख मी बदलणार नाही आणि त्यांना सोयीचा मुलगाही देणार नाही. तसं केलं, तर फाटा एकच आहे म्हणण्यात अर्थ उरत नाही. खऱ्या इतिहासात जिजाबाईंनी १७६२ मध्ये दत्तक घेतला. माझ्याकडे पन्हाळा दत्तक मागतोय, साताऱ्यात ताराबाई रामराजाचं नाव घेतायत, आणि सदाशिवरावभाऊंची छावणी उत्तरेत अडकल्यामुळे निकाल द्यायला पेशव्यांपाशी फौज नाही. पुढची नोंद या सत्तावीस दिवसांची.

नकाशात वारणाकाठ अजून कोरा आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर जमिनी असलेल्या गावांचा सारा कुठल्या ठाण्यावर भरायचे, याची घरातल्या जुन्या कागदांत नोंद असेल, तर नक्की कळवा. ठाणी त्याप्रमाणे मांडीन.