टाय उसवून शिकलेला धंदा : आमची वाटचाल

आमच्या पहिल्या मोठ्या ऑर्डरमधला एक टाय आठ दिवसांत परत आला. गिऱ्हाईक भांडायला आलं नव्हतं. त्या गृहस्थांनी टायचं वरचं टोक दोन बोटांत धरलं, बाकीचा खाली सोडला आणि म्हणाले, "बघा." टाय हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागला. गळ्यात बांधला की पुढचं पान सारखं एका बाजूला वळायचं आणि मागची शिवण समोरच्याला दिसायची.

मी इस्त्रीचं काहीतरी सांगणार होतो, तेवढ्यात ताईने टाय हातात घेतला, टेबलावर पालथा घातला आणि शिवण उसवली. कापड मोकळं केलं, धाग्याच्या रेषेवर कोन तपासायचा गुण्या ठेवला आणि मला जवळ बोलावलं. "अरे, हा उरेपच चुकलाय." उरेप म्हणजे धाग्याला तिरपा काप. तो पंचेचाळीस अंशांत हवा होता, चाळिसाच्या आसपास भरत होता. तागा पसरताना कापड सरकलं होतं आणि चार तुकडे जास्त निघतील म्हणून आम्ही ते तसंच कापलं होतं. त्या ताग्यातले उरलेले सगळे टाय आम्ही परत मागवले आणि नवे करून दिले. हातात पैसा नव्हता, तरी ते केलं याचं आजही समाधान आहे.

ताई शिवणातली, मी कापडाच्या विक्रीतला. शर्ट-कोट शिवणारे पुष्कळ होते. टाय मनापासून करणारं आम्हाला कोणी भेटत नव्हतं. म्हणून आम्ही त्यात उतरलो. दोन-तीन तुकडे जोडायचे, मागून शिवायचं, झालं, असं वाटत होतं. त्या फिरणाऱ्या टायने आम्हाला जमिनीवर आणलं.

कापड उभ्या धाग्यात ओढा, ताणलं जात नाही. आडव्या धाग्यात थोडंसं सैल पडतं. तिरपं, म्हणजे उरेपात ओढलं की रबरासारखं लांबतं आणि सोडलं की जागेवर येतं. टायला रोज पिळायचं, आवळायचं, परत सोडायचं, त्यामुळे तो उरेपातच कापावा लागतो. हे आज साधं वाटतं, पण गळ्यात बांधायच्या कापडाला ही अक्कल यायला फार काळ गेला. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ नावाच्या टाय करणाऱ्याने 1920 च्या दशकात टाय उरेपात कापून तीन तुकड्यांत जोडण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याआधीचे टाय लवकर चुरगळायचे, वळायचे, फाटायचे. आज चांगला टाय उलटा करून पाहिलात तर मानेजवळ तिरप्या जोडाच्या शिवणी दिसतील. ती रचना त्याचीच. उरेपात कापड खूप वाया जातं, कोपरे उरतात. त्या कोपऱ्यांचा मोह धरला की काय होतं ते आम्ही पाहिलं होतं.

शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून आम्ही जुने टाय जमवायला सुरुवात केली. ओळखीच्यांकडून, वापरलेल्या कपड्यांच्या ढिगातून, मिळेल तिथून. रात्री जेवणं झाली की ताई एक टाय घ्यायची आणि उसवायची. मी वहीत लिहायचो: आतलं कापड लोकरीचं की सुती, तेही उरेपात कापलंय का, टोकापर्यंत पोचतंय का, अस्तर किती आत वळवलंय. चाळीसेक टाय असे उसवले असतील. स्वस्त टायमध्ये आतलं कापड पातळ आणि कडक निघायचं, त्यामुळे गाठ एकतर चपटी बसते नाहीतर ठोकळ्यासारखी. चांगल्या टायमध्ये लोकरीचा एक मऊ, जिवंत थर असायचा. गाठीला गोलाई तो देतो. वरच्या रेशमाचं कौतुक सगळे करतात. मला विचाराल तर टायचा निम्मा जीव या आतल्या थरात आहे.

आणि प्रत्येक चांगल्या टायमध्ये एक गोष्ट सारखी निघायची. मागची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच अखंड दोऱ्याने घातलेली, तीही सैल. शेवटी त्या दोऱ्याचा छोटासा फासा आत मोकळा सोडलेला. सुरुवातीला आम्हाला तो निष्काळजीपणा वाटला. आमची शिवण तर मशीनची होती, घट्ट आणि नीटस. पण आमचा टाय जोरात ओढला की दोरा तट्‌कन तुटायचा, आणि हा जुना टाय ओढला की कापड दोऱ्यावरून सरकायचं, फासा थोडा आत जायचा, हाताने सारखं केलं की सगळं परत जागेवर. उरेपातलं कापड लांबतं, मग त्याला धरणाऱ्या दोऱ्यालाही लांबायला जागा हवी. हे कळलं त्या रात्री ताईला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी टायच्या शिवणीसाठी मशीन बंद झालं, ते आजतागायत.

काकू आमच्याकडे आल्या त्या गोधड्या शिवून हात बसलेला म्हणून. टाय त्यांनी आयुष्यात हातात धरला नव्हता. पहिल्या आठवड्यात ताई त्यांना सांगायची, "काकू, दोरा ओढू नका." महिन्याभरात त्या नव्या मुलींना सांगायला लागल्या, "ओढू नकोस गं, त्याला श्वास घेऊ दे." त्यांचं काम बघत बसावं. दोन्ही कडा मधोमध आणायच्या, डाव्या अंगठ्याने दाबून धरायच्या, सुई एका घडीतून आत, आतल्या लोकरीचे दोन-तीनच धागे उचलायचे, दुसऱ्या घडीतून बाहेर. पुढच्या रेशमाला सुईचं टोकसुद्धा लागता कामा नये. दोन्ही टोकांना, जिथे शिवण सुरू होते आणि संपते, तिथे जाड दोऱ्याचा एक आडवा टाका. सगळा भार तो घेतो. एका टायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. दिवसाला किती होतात, असं मी एकदा विचारलं होतं. काकूंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. पुन्हा विचारलं नाही.

मधल्या काळात बारीक टायची लाट आली, पाच सेंटिमीटरची. आम्हीही केले. दोन वर्षांनी लाट ओसरली. तेव्हापासून आठ ते नऊ सेंटिमीटरच्या बाहेर आम्ही जात नाही, फार तर कोटाच्या कॉलरची रुंदी विचारून थोडं कमी-जास्त. ही रुंदी दोन्ही लाटांमधून तरली आहे, 1960 च्या दशकातल्या बारीक टायच्या आणि 70 च्या दशकातल्या तळहाताएवढ्या रुंद टायच्या.

खरी अडचण फॅशनची नव्हती. कंपन्यांनी टायची सक्ती काढायला सुरुवात केली आणि आमची ठरलेली गिऱ्हाइकं एकेक करून कमी झाली. एका मोठ्या खरेदीदाराने अर्धं काम शिवून झाल्यावर ऑर्डर रद्द केली, कापडाचे पैसेही दिले नाहीत. मग 2020 आलं. घरून काम करणाऱ्याला टाय कशाला? चार महिने एकही नवा टाय विकला गेला नाही. ताई म्हणाली, नवे नकोत तर लोकांच्या घरी जुने असतीलच ना.

तिथून दुरुस्तीचं काम सुरू झालं, पोस्टाने. कपाटं आवरताना लोकांना वडिलांचे, आजोबांचे टाय सापडत होते. रुंद टाय बारीक करून द्या, आतला थर बदला, उसवलेली शिवण घाला. एका मुलीने वडिलांचा टाय पाठवला, गाठ तशीच. सोबत लिहिलं होतं, शिवण घाला पण गाठ सोडू नका, ती बाबांनी मारलेली आहे. काकूंनी तो टाय तीन दिवस हाताळला. गाठीच्या खालून आणि वरून, दोन्हीकडून सुई नेऊन शिवण पुरी केली. गाठ हलली नाही. त्या वर्षी आम्हाला याच कामाने तारलं.

नवी मागणी परत आली ती वेगळ्याच माणसांची. ज्यांना टाय घालायला कोणी सांगितलेलं नाही असे तरुण तो घ्यायला लागले. मला याचं आश्चर्य वाटत नाही. ऑफिसमुळे टाय आला, म्हणून ऑफिसबरोबर जाईल, असा लोकांचा समज आहे. टाय ऑफिसच्या कितीतरी आधीचा. सतराव्या शतकात, तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात, फ्रान्सच्या बाजूने लढणाऱ्या क्रोएशियन सैनिकांच्या गळ्यातला रुमाल फ्रेंचांना आवडला. क्रोएट या नावावरूनच 'क्राव्हात' हा शब्द झाला आणि चौदाव्या लुईच्या दरबाराने तो डोक्यावर घेतला. क्रोएशियात आजही 18 ऑक्टोबर हा क्राव्हातचा दिवस म्हणून साजरा होतो. माणसाला गळ्याशी काहीतरी स्वतःच्या हाताने बांधावंसं वाटतं, ही आवड तेव्हापासूनची आहे.

आणि बांधणं हेच त्यातलं सुख आहे. थॉमस फिंक आणि योंग माओ या केंब्रिजच्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी 1999 साली गणिताने मांडून दाखवलं की नेहमीच्या टायच्या 85 गाठी होऊ शकतात. मी गिऱ्हाइकाला एकच शिकवतो, फोर-इन-हँड. ती किंचित तिरकी बसते, कधीच दोनदा हुबेहूब येत नाही, आणि आवळताना मधोमध बोट दाबलं की खाली एक सुंदर खळी पडते. काढताना मात्र बारीक टोक ओढून सोडवू नका. जशी बांधली तशीच उलटी सोडवा. रात्री टांगून ठेवा, गुंडाळून ठेवलात तरी चालेल. पाण्यात मात्र घालू नका. रेशीम आणि आतली लोकर सारखी आटत नाहीत.

या वर्षी पहिल्यांदाच आम्ही इटलीतल्या कोमोचं ग्रेनेडिन नावाचं कापड आणलं. त्यात उभे धागे एकमेकांभोवती पीळ घेत विणलेले असतात, त्यामुळे कापड जाळीसारखं दिसतं. लांबून एकच गडद निळा रंग, जवळून त्यात छाया हलते. कापायला अवघड, कारण जाळी सरकते. ताईने पहिला तागा दोन दिवस टेबलावर नुसता पसरून ठेवला होता, मग गुण्या लावला.

टाय खोक्यात घालताना आम्ही एक चिठ्ठी ठेवतो. रुंद टोकाच्या आत डोकावलात तर दोऱ्याचा एक सैल फासा दिसेल. बऱ्याच जणांनी तो राहिलेला धागा समजून कात्रीने कापला आणि टाय परत पाठवला, म्हणून काकूंनी सांगितलं तसं लिहून ठेवलं आहे : "हा दोरा मुद्दाम सोडलाय, कापू नका. कापलाच असेल तर पाठवून द्या, परत घालून देऊ."